गच्चीवरून जाणाऱ्या नर्सबाई

गेल्या हंगामात आमच्या महिला मंडळाने ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर स्वच्छतेचं व्याख्यान ठेवलं होतं. हात कसे धुवावेत याचा रंगीत तक्ता मी हौसेने नेला. बोलून झालं, तर एका बाईने तापाने फणफणलेलं मूल माझ्यापुढे धरलं. दवाखान्यात नेलं होतं, पण कार्ड गावाकडे राहिलं म्हणून परत पाठवलं, म्हणाली. मूल आम्ही ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं, बरंही झालं. पण तक्ता गुंडाळताना लाज वाटली, आणि बी.ए.ला असताना वाचलेली लिलियन वाल्ड आठवली.

लिलियनचा जन्म १८६७ मधला, अमेरिकेतला. घर सुखवस्तू ज्यू. बहिणीसाठी घरी आलेल्या नर्सचं काम पाहून तिने हेच शिकायचं ठरवलं. १८९१ मध्ये नर्सिंगचं शिक्षण पूर्ण झालं, पुढे डॉक्टर होण्यासाठी कॉलेजात नावही घातलं.

न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात तेव्हा रशिया, पूर्व युरोप, इटलीतून आलेली माणसं दाटीवाटीने राहत. शिवणकाम, फेरी, मिळेल ती मजुरी. तिथल्या बायकांना लिलियन घरगुती शुश्रूषेचे धडे देई. १८९३ मध्ये एक दिवस बिछाना कसा घालावा हे शिकवत असताना एक लहान मुलगी रडत आली आणि तिला आपल्या घरी घेऊन गेली. दोन खोल्यांत सात माणसं, वर भाडेकरू. मुलीची आई बाळंतपणानंतर रक्तस्रावाने पडून होती. लिलियनने तिला स्वच्छ केलं, बिछाना बदलला, खोली आवरली. परत आली ती डॉक्टरकीचं कॉलेज सोडायचं ठरवूनच!

मला यातलं सगळ्यात काय आवडतं, तर ती तिथेच राहायला गेली. मेरी ब्रूस्टर ही मैत्रीण आणि ती, दोघींनी त्याच वस्तीत बिऱ्हाड केलं. श्रीमंतांकडून पैसे उभे केले. १८९५ मध्ये हेन्री स्ट्रीटवरचं २६५ नंबरचं घर मिळालं आणि तिथून नर्सा वस्तीभर फिरू लागल्या. नियम साधेच. डॉक्टरची चिठ्ठी लागत नसे, शेजारणीने निरोप दिला तरी नर्स येई. धर्म विचारायचा नाही. जमेल त्याने थोडे पैसे द्यायचे, नसतील त्याला फुकट. पण भीक घेतल्यासारखं कुणाला वाटू द्यायचं नाही. पाच-पाच मजले चढायचे, उतरायचे, परत दुसरी इमारत चढायची, त्यापेक्षा त्या गच्च्यांवरूनच एका घरातून दुसऱ्या घरात जात. पायघोळ झगा, हातात बॅग! (आम्हाला साडीत गॅलरीचा जिना नको वाटतो.)

शाळेतली गोष्ट तर आजही सांगण्यासारखी आहे. डोळे आले, खरूज झाली की मुलांना घरी पाठवत. पण घरी औषध करणार कोण? मुलं गल्लीत हुंदडत आणि अभ्यास बुडे. १९०२ मध्ये लिलियनने आपल्यातली लिना रॉजर्स ही नर्स प्रयोग म्हणून चार शाळांना दिली. ती शाळेत औषध लावी, मग घरी जाऊन आईला समजावी. गैरहजेरी इतकी कमी झाली, की शहराने स्वतःच्या खर्चाने शाळेत नर्सा नेमल्या.

१९०८ मध्ये स्थलांतरितांची स्थिती पाहण्यासाठी राज्याने आयोग नेमला, त्यावरही ती होती. गावाबाहेर बांधकामांवर राबणाऱ्या मजुरांच्या छावण्या तिने जाऊन पाहिल्या. १९१३ पर्यंत तिच्याकडे ९२ नर्सा झाल्या, वर्षाला सुमारे दोन लाख गृहभेटी.

सगळं गोड गोड नव्हतं. पहिल्या महायुद्धात तिने युद्धाला विरोध केला, तेव्हा काही देणगीदारांनी पाठ फिरवली. तरी १९१८ च्या इन्फ्लुएन्झात शहरातल्या नर्सांची जुळणी तिनेच केली. लग्न केलं नाही. दीर्घ आजारानंतर १९४० मध्ये ती गेली. हेन्री स्ट्रीटवरच्या त्या घरातून संस्थेचं काम अजून चालतं.

यंदा टोळ्या आल्या की तक्ता न्यायचा नाही, असं मंडळात ठरलंय. आमच्यात एक निवृत्त नर्सबाई आहेत. दर शनिवारी संध्याकाळी, मजूर फडातून परतल्यावर, त्यांची बॅग घेऊन आम्ही जाणार आहोत. मुकादमाशी बोलणं झालं आहे. दवाखान्याशी कार्डाबद्दल अजून भांडतोय.