बारामतीचे मोरोपंत



आपल्या तालुक्यात होऊन गेलेल्या एका मोठ्या माणसाची ओळख या स्मरणिकेत असावी, असे मनात आले आणि पहिले नाव सुचले ते कवी मोरोपंतांचे. शाळेत आपण त्यांना धसका घेऊनच वाचले. अवघड शब्द, लांबलचक समास आणि परीक्षेत वृत्त ओळखण्याचे दोन गुण, एवढीच त्यांची आपली ओळख. ते आपल्याच बारामतीत चाळीस वर्षे नोकरी करून संसार करणारे गृहस्थ होते, हे मात्र लक्षात राहिले नाही.

त्यांचे पूर्ण नाव मोरेश्वर रामचंद्र पराडकर. घराणे मूळचे कोकणातल्या सौंदळ गावचे. वडील रामजीपंत पोटापाण्यासाठी घाट चढून कोल्हापूरकडे आले आणि पन्हाळगडावर राहिले. तिथे १७२९ साली मोरोपंतांचा जन्म झाला. गडावरच केशव आणि गणेश पाध्ये या दोन विद्वान बंधूंकडे त्यांचे संस्कृत काव्य-शास्त्रांचे शिक्षण झाले. चोविसाव्या वर्षाच्या सुमारास ते बारामतीला बाबूजी नाईकांकडे पुराणिक म्हणून आले आणि अखेरपर्यंत इथेच राहिले.

हे बाबूजी नाईक साधे असामी नव्हते. मोठे सावकार, पेशव्यांचे सोयरे, आणि थोरल्या बाजीरावांनंतर पेशवेपद आपल्याला मिळावे म्हणून धडपडलेले. अशा घरी राहणाऱ्या माणसाला राजकारणात शिरणे अवघड नव्हते. पंतांच्या हयातीत पानिपत झाले, थोरले माधवराव अकाली गेले, नारायणरावांचा खून झाला. पंत या धामधुमीत कुठे दिसत नाहीत. नाईकांच्या वाड्यात पुराण सांगायचे, घरी येऊन लिहायला बसायचे, हा त्यांचा क्रम.

त्या लिहिण्याचा पसारा बघा. रामायण, महाभारत, भागवत आणि हरिवंश त्यांनी मराठी पद्यात आणले. त्याशिवाय स्तोत्रे, आख्याने आणि संतांची स्तुती वेगळीच. सगळी कविता पाऊण लाखाच्या घरात जाते. मी हिशेब मांडून पाहिला. चाळीस वर्षे, सण नाही, सुट्टी नाही, आजारपण नाही असे धरले तरी रोज पाच पद्ये पडतात. तीही मात्रा मोजून आणि यमक साधून. त्यांची आवडती आर्या म्हणजे बहुतेक ठिकाणी खरे तर गीती. तिच्या प्रत्येक अर्ध्या भागात आधी १२ आणि मग १८ अशा ३० मात्रा लागतात. एक मात्रा इकडची तिकडे झाली की चाल मोडते. बोरूने लिहायचे, तेलाच्या दिव्यात वाचायचे, असा तो काळ.

त्यांची १०८ रामायणे प्रसिद्ध आहेत. राम हे त्यांचे आराध्य दैवत. जपमाळेत १०८ मणी असतात, तशी एकच रामकथा त्यांनी पुन्हापुन्हा सांगितली आणि बऱ्याच वेळा स्वतःला नवा नियम घालून घेतला. एका रामायणात रामनामाच्या तेरा अक्षरी मंत्राची अक्षरे ओळीने गुंफली आहेत. दुसरे आहे निरोष्ठ रामायण. यात ओठाला ओठ लागेल असे अक्षर वापरायचे नाही. म्हणजे प, फ, ब, भ, म बाद. आता ‘राम’ हा शब्दच उच्चारता येत नाही! ज्याचे नाव दिवसरात्र घ्यायचे, त्याची कथा त्याचे नाव न घेता सांगायची. मी कामानिमित्त रोज नियमांच्या चौकटीत लिहिते. एक चिन्ह चुकले तरी प्रोग्राम चालत नाही. त्यामुळे असली अट घालून काव्य पूर्ण करणे म्हणजे किती वेळा खोडून पुन्हा लिहावे लागले असेल, याची थोडी कल्पना मला येते. पण माझ्या अटी कामातून येतात. पंतांना असे कोणी सांगितले नव्हते. त्यांनी अट स्वतःच घातली, देवाची आठवण जास्त वेळ राहावी म्हणून, असे मला वाटते.

हा माणूस फक्त पंडितांसाठी लिहीत नव्हता. बायकांना घरात म्हणता यावीत म्हणून त्यांनी सीतागीत, सावित्रीगीत, रुक्मिणीगीत अशी सोपी गीतेही रचली. जात्यावर किंवा दुपारच्या निवांत वेळी म्हणता येईल अशी ती रचना. आपण शाळेत वाचलेले पंत आणि हे पंत एकच, यावर विश्वास बसत नाही.

त्यांच्यावर टीकाही झाली. यमकापायी अर्थ अडतो, कविता कमी आणि कसरत जास्त, असे आक्षेप घेतले गेले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत त्यांची बाजू हिरीरीने मांडली, आणि १९०८ साली ल. रा. पांगारकरांनी त्यांचे विस्तृत चरित्र लिहिले. मला विचाराल तर आक्षेपांत तथ्य आहे. काही आर्या कोड्यासारख्या सोडवाव्या लागतात. पण कीर्तनकारांनी त्यांच्या आर्या पिढ्यान्‌पिढ्या फडावर म्हटल्या आणि गावोगावच्या अशिक्षित श्रोत्यांनी त्यांना माना डोलावल्या, हेही तितकेच खरे.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी केकावली लिहिली. केका म्हणजे मोराचा टाहो. स्वतःच्या नावावरचा हा श्लेष. मोर मेघाकडे बघून ओरडतो, तसा हा म्हातारा मोर देवाला हाक मारतो. इथे पंत विद्या बाजूला ठेवून हट्ट करतात, रुसतात, क्षमा मागतात. त्यातले सत्संगाची मागणी करणारे श्लोक कितीतरी शाळांतल्या मुलांच्या ओठावर होते. १५ एप्रिल १७९४ रोजी, चैत्री पौर्णिमेला, बारामतीतच त्यांनी देह ठेवला.

त्या काळी नीरेचा डावा कालवा नव्हता, ऊस नव्हता, कारखान्याचा भोंगा नव्हता. करंजेच्या सोमेश्वराच्या दर्शनाला माणसे पायीच जात असतील. पुणे तर दोन-तीन दिवसांच्या वाटेवर होते, आणि विद्वानांची कदर करणारा पेशव्यांचा दरबार तिथे होता. तरी पंत बारामतीत राहिले.

आपल्या बॅचमधले निम्मे जण पुण्या-मुंबईला, परदेशात गेले. निम्मे इथेच राहिले. कोणी शेती पाहते, कोणी कारखान्यात आहे, कोणी आपल्याच परिसरात शिक्षक आहे. संमेलनात भेटलो की गेलेल्यांची विचारपूस जरा जास्त होते आणि राहिलेले, आमचे काय, नेहमीचेच, असे म्हणून बाजूला होतात. मोरोपंतांचे आयुष्यही नेहमीचेच होते. तीच नोकरी, तेच गाव, तेच घर, तोच राम. त्या नेहमीच्यातूनच पाऊण लाख पद्ये झाली. तेव्हा या भेटीत इथल्या मित्रमैत्रिणींना एवढेच सांगायचे आहे, की तुमचे नेहमीचे काय चालले आहे ते आम्हाला नीट, सविस्तर ऐकायचे आहे.