गॅलिलिओ : उंची आणि भार

बारामती-इंदापूरकडील रानात ज्वारीचे ताट माणसाहून उंच वाढते आणि कणसाचा भार डोक्यावर घेऊन अंगठ्याएवढ्या बुडख्यावर उभे राहते. तेच ताट त्याच प्रमाणात वाढून शंभर हात उंच झाले तर उभे राहील काय? राहणार नाही, आणि ते का, हे गणिताने दाखवून देणारा पुरुष म्हणजे इटलीतील गॅलिलिओ होय.

त्याचा जन्म इ. स. १५६४ मध्ये पीसा येथे झाला. वडील गायनवादनात निपुण, पण स्थिती बेताचीच. मुलाने वैद्य व्हावे अशी त्यांची इच्छा. मुलाचे मन गणितात रमले, आणि पदवी न घेताच त्याने विद्यापीठ सोडले. पुढे १५९२ पासून अठरा वर्षे तो पादुआ येथे गणिताचा अध्यापक होता. जवळच व्हेनिस शहरात गलबते बांधण्याचा मोठा कारखाना होता. तेथील कारागीर अनुभवाने जाणत की, लहान नाव सहज पाण्यात लोटता येते. तशाच घडणीच्या मोठ्या गलबताला मात्र पुष्कळ अधिक टेकू द्यावे लागतात, नाही तर ते स्वतःच्याच भाराने मोडावयाचे. विद्वानाने सुतारलोहारांचे म्हणणे मनावर घ्यावे ही गोष्ट त्या काळी विरळाच (आजही फारशी सुलभ नाही). गॅलिलिओने ते घेतले.

विद्यार्थी मित्रहो, त्याचा हिशेब करून पाहा. एखादी वस्तू आकार न बदलता दुप्पट उंच केली की तिची रुंदी व जाडीही दुप्पट होते. म्हणून वजन आठपट होते. परंतु भार सोसणाऱ्या बुडाचे क्षेत्रफळ केवळ चौपटच! तिप्पट उंचीला वजन सत्तावीसपट, बूड नऊपट. याच कारणाने हत्तीला हरणाचे पाय चालत नाहीत. तिप्पट लांबीच्या हाडाने तेच काम करावयाचे तर ते किती बेढब जाड असावे लागेल, याचे चित्रच त्याने काढून ठेविले आहे.

दुर्बिणीतून त्याने १६१० साली गुरूचे चार चंद्र पाहिले, ती कथा सर्वश्रुत आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मत मांडल्यावरून १६३३ साली रोम येथे धर्मन्यायसभेने त्यास गुडघे टेकून ते सोडावयास लाविले. हा अन्यायच होता. रोमच्या धर्मपीठाने आपली चूक १९९२ साली मान्य केली. गॅलिलिओ मात्र मरेपर्यंत नजरकैदेत राहिला. दुसऱ्याच वर्षी त्याची लाडकी कन्या वारली. अशा दुःखात त्या वृद्धाने पादुआची जुनी टिपणे काढून भार व बळ यांवरील ग्रंथ पुरा केला. त्याचे लेखन छापण्यास बंदी होती. म्हणून हस्तलिखित देशाबाहेर गेले आणि १६३८ साली हॉलंडातील लायडन येथे छापून निघाले. त्याचा आरंभ व्हेनिसच्या त्या कारखान्यापासूनच होतो. ग्रंथ निघाला तेव्हा गॅलिलिओ पूर्ण अंध झाला होता. १६४२ च्या जानेवारीत तो मरण पावला.