अर्देशीर कर्सेटजी वाडिया

समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या मुलांस आगबोटीच्या बॉयलरची कथा कशाला, असे आंबागडाच्या आसपासच्या पालकांस वाटणे साहजिक आहे. पण ज्या युक्तीवर त्या बोटी चालत, ती युक्ती पुष्कळ घरांच्या न्हाणीघरात तांब्याच्या बंबाच्या रूपाने उभी असे. मधोमध नळ, नळात निखारे आणि सभोवार पाणी. विस्तवाची व पाण्याची गाठ कधीच पडत नाही. उष्णता तेवढी पत्र्यातून पलीकडे जाते. विहिरीचे पाणी जड असले म्हणजे काही दिवसांनी नळावर पांढरी खरपुडी धरते. मग सरपण अधिक जळते आणि पाणी मात्र उशिरा तापते. हे ज्याने पाहिले असेल, त्यास ज्या थोर गृहस्थांचे चरित्र आम्ही येथे देत आहोत, त्यांचे निम्मे काम आधीच समजले म्हणावयाचे.

अर्देशीर यांचा जन्म मुंबईस ६ ऑक्टोबर १८०८ रोजी झाला. त्यांच्या घराण्यातील लवजी नसरवानजी हे १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले आणि तेव्हापासून सागवानी जहाजे बांधणे हाच या कुळाचा धंदा झाला. अर्देशीरही लहानपणी गोदीतच तयार झाले. परंतु त्यांचे मन लाकडापेक्षा लोखंडात रमे. मुंबईस बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० साली सुएझकडे निघाली, तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. वाऱ्याची वाट न पाहता जहाज चालते, हे मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिले. अर्देशीरांनी पुढे स्वतःच्या हाताने एक अश्वशक्तीचे छोटे एंजिन तयार केले आणि त्याने आपल्या बागेतील विहिरीचे पाणी वर चढविले. १८३३ साली ‘इंडस’ नावाचे लहान जहाज त्यांनी पाण्यात सोडले. त्यास मागाहून वाफेचे एंजिन बसविण्यात आले. पुढच्याच वर्षी माझगाव येथील त्यांचा बंगला व बाग गॅसच्या दिव्यांनी उजळली.

१८३९ साली ते इंग्लंडला गेले. त्या प्रवासाची त्यांची रोजनिशी १८४० साली लंडन येथे छापली गेली. तेथील कारखाने त्यांनी बारकाईने पाहिले आणि विद्वानांच्या मंडळांत मान मिळविला. २७ मे १८४१ रोजी रॉयल सोसायटीने त्यांस आपले सभासद करून घेतले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. दुसरे रामानुजन, व ते १९१८ साली, म्हणजे तब्बल ७७ वर्षांनी!

तथापि आमच्या मते त्यांची खरी कसोटी याच सुमारास मुंबईत लागली. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांस आपल्या मुंबईच्या वाफयंत्रांच्या कारखान्याचे मुख्य इंजिनियर व यंत्रांचे निरीक्षक नेमले. त्यांच्या हाताखाली गोरे कारागीर होते. इंग्रज कामगारांवर एक हिंदी मनुष्य हुकमत कशी चालविणार, असा आक्षेप मुंबईच्या एका इंग्रजी वृत्तपत्राने उघडपणे घेतला. असा आक्षेप घेणारास वादाने कोण समजाविणार? बॉयलर फुटला तर तो आक्षेप खरा ठरणार. बोट सुखरूप परत आली तर कोणी काही बोलणार नाही. निरीक्षकाच्या नशिबी हे असेच असते.

आता या कामाचे स्वरूप पाहू. त्या काळी पुष्कळ आगबोटींत काम करून आलेली वाफ थंड करण्यासाठी तीवर समुद्राचे पाणी शिंपडीत. वाफेचे गोडे पाणी त्यामुळे खारे होऊन जाई, आणि तेच पुन्हा बॉयलरमध्ये जाई. समुद्राच्या शंभर शेर पाण्यात सुमारे साडेतीन शेर क्षार असतो. पाणी वाफ होऊन निघून जाते, क्षार मागे राहतो. म्हणून ठराविक वेळाने बॉयलरमधील खारट, कढत पाणी समुद्रात सोडून द्यावे लागे. त्याबरोबर कोळशाची उष्णताही फुकट जाई. इतके करूनही भट्टीच्या पत्र्यावर दगडासारखे पुट चढेच. या पुटातून उष्णता नीट जात नाही. पाण्याचा गारवा न मिळाल्यामुळे पत्रा लालबुंद होतो, मऊ पडतो, वाफेच्या दाबाने फुगतो आणि अखेर फाटतो. खाली भट्टीत कोळसा घालणारांची काय अवस्था होत असेल, ती सांगवत नाही.

यास उपाय एकच. बोट बंदरात आली, बॉयलर थंड झाला, की मनुष्याने आत उतरून हातोडीने खरपुड्या झाडाव्या आणि पत्रा ठिकठिकाणी ठोकून त्याचा आवाज ऐकावा. शाबूत लोखंड खणखणते, झिजलेले बद्द वाजते. हे काम काळोखाचे व घुसमटीचे आहे, आणि त्यात कोणी कसूर केली तर ती बाहेरून दिसत नाही. म्हणूनच निरीक्षकाचा शब्द ही लहान गोष्ट नव्हे. या जबाबदारीच्या जागेवर अर्देशीर सोळा वर्षे, १८५७ सालापर्यंत राहिले.

शोधकांनी याहून चांगली तोड काढली नव्हती, असे मात्र नाही. सॅम्युएल हॉल या इंग्रजाने १८३४ साली अनेक बारीक नळ्यांचा कंडेन्सर काढला. त्यात नळ्यांच्या एका बाजूस वाफ व दुसऱ्या बाजूस समुद्राचे पाणी; दोहोंचा स्पर्श नाही, फक्त उष्णता इकडून तिकडे. वाफेचे गोडे पाणी गोडेच राहून पुन्हा बॉयलरमध्ये जाई. १८३८ साली अटलांटिक ओलांडणाऱ्या ‘सिरिअस’ बोटीवर अशीच योजना होती. परंतु एंजिनास वंगण म्हणून घातलेली चरबी वाफेबरोबर येऊन नळ्यांवर बसे, नळ्यांचे सांधे गळत, आणि एक सांधा गळला की खारे पाणी गोड्यात शिरे. त्यामुळे ही उत्तम युक्ती १८६० च्या सुमारापर्यंत मागेच पडली. नळ्या साफ कशा ठेवाव्या हे न सुटल्यामुळे शोध वीस-पंचवीस वर्षे वाया जावा, याचे आम्हांस नेहमी आश्चर्य वाटते. जगातील वीजघरांत व बोटींत आज जे कंडेन्सर चालतात, ते पुष्कळसे याच जातीचे आहेत, आणि त्यांच्या नळ्या अद्यापि घासाव्याच लागतात.

१८४९ साली अर्देशीर पुन्हा परदेशी गेले व अमेरिकाही पाहून आले. तेथून लाकूड कापण्याची यंत्रे त्यांनी आणली. १८५१ साली त्यांनी ‘लवजी फॅमिली’ नावाची आगबोट पाण्यात सोडली. तिचे भाग त्यांच्या स्वतःच्या ओतशाळेत तयार झाले होते. पुढे १८६१ साली सिंधू नदीवर बोटी चालविणाऱ्या कंपनीत त्यांनी मुख्य इंजिनियरची जागा पत्करली. समुद्रात मीठ, तर सिंधूत गाळ! नदीचे पाणी गोडे खरे, पण गढूळ पाण्याचा गाळही बॉयलरच्या तळाशी बसून पत्रा जाळतो. पन्नाशी उलटलेल्या या पुरुषास तेच जुने दुखणे नव्या वेषात भेटले असावे.

पुढे काम सोडून ते इंग्लंडात रिचमंड येथे राहावयास गेले आणि तेथेच १६ नोव्हेंबर १८७७ रोजी त्यांचे देहावसान झाले. १९६९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. आमच्या एखाद्या विद्यार्थ्याच्या संग्रहात ते असेल, तर त्याने ते वर्गात जरूर आणावे.