स्तनरोपण किती टिकते? हायडेलबर्गच्या चेर्नींपासून सुरू झालेला हिशेब

स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया ठरली की नागपुरातल्या रुग्णालयात आज बाईसमोर साधारण तीन वाटा ठेवल्या जातात. काढलेल्या स्तनाच्या जागी काहीच करायचे नाही, सिलिकॉनचे इम्प्लांट बसवायचे, किंवा तिच्याच पोटाचा अथवा पाठीचा मांसल भाग तिथे आणून लावायचा. खर्च किती, टाके कधी निघणार, घरी कधी सोडणार, ही चौकशी आधी होते. हे टिकणार किती वर्षे, हा प्रश्न बहुधा शेवटी येतो, तोही अनेकदा सोबत आलेल्या बहिणीच्या किंवा लेकीच्या तोंडून. खरे तर तो सर्वांत आधी विचारायला हवा. या प्रश्नाचा इतिहास एका माणसापासून सुरू होतो, आणि त्या माणसाच्या आयुष्यात या प्रश्नाची दोन्ही टोके सापडतात. त्यांचे नाव विन्सेंट्स चेर्नी.

१८९३ च्या नोव्हेंबरची गोष्ट. जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठात चेर्नी शस्त्रक्रियेचे प्राध्यापक होते. त्यांच्याकडे ४१ वर्षांची एक गायिका उपचारासाठी आली. तिच्या एका स्तनात गाठ होती. गाठ कॅन्सरची नव्हती, पण ती काढताना स्तनाची ग्रंथीही काढावी लागणार होती. म्हणजे एक बाजू भरलेली आणि एक सपाट. रोज लोकांसमोर उभे राहून गाणाऱ्या बाईसाठी ही लहान बाब नव्हती. या रुग्णाच्या कमरेजवळ, मागच्या बाजूला, चरबीची एक मऊ गाठ होती. डॉक्टर तिला लायपोमा म्हणतात. अनेकांच्या हातावर, पाठीवर अशी निरुपद्रवी गाठ असते आणि ती वर्षानुवर्षे तशीच राहते. चेर्नींनी ती मुठीएवढी गाठ काढली आणि स्तनाच्या रिकाम्या जागेत, त्वचेखाली बसवून टाके घातले. जखम भरली, गाठ रुजली. १८९५ साली त्यांनी या शस्त्रक्रियेचा वृत्तांत छापला. स्तन पुन्हा घडवण्याच्या शस्त्रक्रियेची सुरुवात आज वैद्यकीय इतिहासात याच नोंदीपासून धरतात.

हे धाडस अचानक आलेले नव्हते. शरीराचा एक भाग उचलून दुसरीकडे लावण्याची विद्या जर्मनीत रुजली होती, आणि तिचे एक मूळ थेट पुण्याला पोहोचते. टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक पुण्याकडच्या एका देशी वैद्याने कपाळाच्या कातडीतून पुन्हा घडवले होते. त्याची हकिकत १७९४ साली लंडनच्या मासिकात चित्रासह छापून आली. ती वाचून इंग्लंडमध्ये कार्प्यू यांनी ही शस्त्रक्रिया करून पाहिली, मग बर्लिनमध्ये ग्रेफे यांनी. ग्रेफे यांनी १८१८ साली नाकाच्या शस्त्रक्रियेवर पुस्तक लिहिले. त्या कपाळाच्या कातडीत एक गोम होती. तिचा देठ तोडलेला नसे, त्यातून रक्त वाहत राही, म्हणून ती जगे. चेर्नींनी बसवलेल्या गाठीला असा देठ नव्हता. पुढचा बराचसा हिशेब या एका फरकावर चालतो.

चेर्नींचा जन्म १९ नोव्हेंबर १८४२ चा. गाव ट्राउटेनाऊ, तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात आणि आता चेक देशात. प्रागला शिक्षण सुरू करून ते व्हिएन्नाला गेले आणि १८६६ साली डॉक्टर झाले. तिथे त्यांना गुरू मिळाले थिओडोर बिलरोथ. जठराच्या शस्त्रक्रियांना आजही बिलरोथ यांचे नाव आहे. त्यांच्या हाताखाली चेर्नींनी कुत्र्यांवर प्रयोग केले. स्वरयंत्र पूर्ण काढले तर प्राणी जगतो का, अन्ननलिकेचा तुकडा कापून टोके जोडता येतात का, हे त्यांनी आधी प्राण्यांवर तपासले. या कामाच्या आधाराने बिलरोथ यांनी १८७३ च्या अखेरच्या दिवशी कॅन्सरग्रस्त माणसाचे संपूर्ण स्वरयंत्र काढले. माणसावर सुरी ठेवण्याआधी प्रयोगशाळेत खात्री करायची, ही सवय चेर्नींना इथे लागली.

१८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले तेव्हा गुरुशिष्य दोघेही जखमी सैनिकांच्या रुग्णालयांत काम करत होते. पुढच्याच वर्षी, तिशी गाठायच्या आत, चेर्नी फ्रायबुर्गला प्राध्यापक झाले. तिथे त्यांनी नामवंत वैद्य आडोल्फ कुसमाउल यांच्या मुलीशी, लुइझेशी लग्न केले. १८७७ साली ते हायडेलबर्गला आले आणि तिथलेच झाले. त्याच वर्षी त्यांनी मानेतल्या अन्ननलिकेचा कॅन्सर यशस्वीपणे काढला. दुसऱ्या वर्षी पोट न फाडता, योनिमार्गाने संपूर्ण गर्भाशय काढले. आतड्याला दोन थरांत घालायच्या टाक्यांना त्यांचे नाव लागले, आणि वैद्यकीचे विद्यार्थी ते आजही ऐकतात. १८९४ साली बिलरोथ वारले. त्यांच्या व्हिएन्नातल्या खुर्चीवर चेर्नींना बोलावणे आले. युरोपातल्या कुठल्याही सर्जनने ते डोक्यावर घेतले असते. चेर्नींनी नम्रपणे नकार दिला.

आता पुन्हा गायिकेकडे. तिच्या स्तनात बसवलेली गाठ रुजली, पण इतर सर्जननी साधी चरबी काढून बसवून पाहिली तेव्हा अनुभव वेगळा आला. रक्तवाहिन्या तोडून आणलेल्या चरबीला नव्या जागी रक्त मिळायला वेळ लागतो. कडेकडेचा भाग तग धरतो, मधला मरतो. मेलेल्या चरबीचे तेल होते, त्याच्या पोकळ्या होतात, कधी चुना साचून कडक गाठी बनतात. आकार महिन्यागणिक घटतो. आजही पोटाची चरबी सुईने काढून स्तनात भरतात तेव्हा थोडी थोडी, वेगवेगळ्या थरांत पसरून भरतात. तरी काही भाग शरीर जिरवतेच, आणि पुन्हा भरावी लागते.

चरबी जिरते म्हटल्यावर न जिरणारे काहीतरी शोधणे ओघानेच आले. ते शोधले रॉबर्ट गेर्सुनी यांनी. तेही बोहेमियाचे, तेही बिलरोथ यांचे शिष्य, चेर्नींपेक्षा सुमारे एका वर्षाने लहान. १८९९ साली त्यांनी पेट्रोलियम जेली, म्हणजे घरोघरच्या व्हॅसलीनसारखा पदार्थ, पातळ करून सुईने शरीरात सोडला. पाच मिनिटांचे काम आणि कापाकापी नाही. पॅराफिन टोचण्याची लाट युरोपभर पसरली. नाक, गाल, स्तन, काही सुटले नाही. पॅराफिन जिरत नाही, हे खरे ठरले. पण ते जागेवरही राहत नाही. सौंदर्यासाठी प्रसिद्ध असलेल्या ग्लॅडिस डिकन या अमेरिकन तरुणीने १९०३ साली नाकाच्या दांड्यात मेण भरून घेतले. ते पुढे हनुवटीकडे ओघळले आणि चेहरा कायमचा बिघडला. स्तनांत पॅराफिनभोवती दगडासारख्या गाठी झाल्या, जखमा वाहू लागल्या, काही जणींना स्तन गमवावा लागला. एकाच गुरूच्या दोन शिष्यांनी एका दशकात दोन वाटा दाखवल्या. एकाने बाईचेच मांस वापरले, दुसऱ्याने बाहेरचा पदार्थ. ‘टिकणे’ या शब्दाचे दोन अर्थही तेव्हाच वेगळे झाले: पदार्थ टिकणे आणि स्तन टिकणे.

गेर्सुनींच्या वाटेने पुढे बरेच जण गेले. १९५० च्या दशकात प्लास्टिकचे स्पंज आले. ते आत आकसले आणि कडक झाले. १९५८ साली नागपूरच्या मेडिकलमध्ये मेजर सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला. देशातला तो पहिला मानला जातो, आणि फाटलेल्या ओठ-टाळूंच्या तिथल्या कामामुळे ‘नागपूर वर्गीकरण’ हा शब्द ग्रंथांत गेला. त्या वेळी सिलिकॉनचे स्तन-इम्प्लांट जगात कुठेच नव्हते. ते आले १९६२ साली, अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये, क्रोनिन आणि जेरो या सर्जनच्या हातून. सिलिकॉन रबरची पिशवी आणि आत सिलिकॉनचे जेल. थोड्याच वर्षांत फ्रान्समधून मिठाच्या पाण्याची, म्हणजे सलाईनची पिशवी आली. तिचे कवचही सिलिकॉनचेच असते, फक्त आतला माल वेगळा.

यांतले कोणते जास्त टिकते? कवच दोन्हींचे फाटू शकते, फरक फाटल्यावर कळतो. सलाईनची पिशवी फुटली की स्तन थोड्या दिवसांत बसतो, मिठाचे पाणी शरीर निरुपद्रवीपणे शोषून घेते, आणि बाईला आरशात दिसते की काहीतरी झाले. सिलिकॉनची पिशवी फुटली तरी घट्ट जेल जागेवरच राहते. बाहेरून काही कळत नाही, दुखतही नाही. म्हणून अमेरिकेच्या एफडीएने २०२० साली सल्ला दिला की सिलिकॉन बसवल्यावर पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी करत राहावे. गडचिरोली किंवा यवतमाळच्या बाईसाठी याचा अर्थ दर खेपेला नागपूरची वारी आणि तपासणीचा खर्च. इम्प्लांटची किंमत सांगताना हा खर्च कोणी मांडत नाही, आणि तो मांडायला हवा.

पिशवी शाबूत राहूनही इम्प्लांट काढावे लागते. शरीर बाहेरच्या वस्तूभोवती पातळ आवरण तयार करते. काहींच्या बाबतीत ते आवळत जाते, स्तन कडक होतो, दुखतो, आकार बिघडतो. एफडीएने २०११ साली दिलेल्या आढाव्यानुसार निरोगी स्तन मोठे करण्यासाठी बसवलेली सिलिकॉन इम्प्लांट्स दहा वर्षांच्या आत साधारण पाचातल्या एका बाईला काढावी लागतात. कॅन्सरनंतर बसवलेल्यांत हे प्रमाण दोघींतली एक इतके आहे. म्हणजे जिला सर्वांत जास्त गरज, तिच्याच शरीरात ते सर्वांत कमी टिकते. वरच्या पृष्ठभागानेही फरक पडतो. खडबडीत कवच आवरण आवळू देत नाही अशी समजूत होती, पण त्याचा संबंध लसिकापेशींच्या एका दुर्मीळ कॅन्सरशी लागला आणि २०१९ साली त्यातला एक प्रकार जगभरातून परत घेतला गेला. त्याआधी २०१० साली फ्रान्सची पीआयपी कंपनी वैद्यकीय सिलिकॉनऐवजी कारखान्यात वापरायचे स्वस्त सिलिकॉन भरत असल्याचे उघड झाले होते. म्हणून इम्प्लांटवरचे कंपनीचे नाव, प्रकार आणि क्रमांक लिहिलेले कार्ड बाईने स्वतःजवळ जपून ठेवायचे असते.

चेर्नींच्या वाटेवर मात्र त्यांच्या गाठीला नसलेला देठ परत आला. १९०६ साली इटलीच्या तान्सिनी यांनी पाठीचा स्नायू रक्तवाहिनीसकट फिरवून छातीवर आणला. १९८० च्या दशकात पोटाच्या खालच्या भागाचा वापर रूढ झाला, आणि आता सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडून ती चरबी आणतात. असा स्तन एकदा रुजला की तो शरीराचाच भाग होतो. बाईचे वजन वाढले की तोही वाढतो. दहा वर्षांनी बदलण्याचा प्रश्न येत नाही. किंमत सुरुवातीलाच मोजावी लागते: शस्त्रक्रिया लांबते, पोटावर किंवा पाठीवर मोठा व्रण राहतो, तंबाखू खाणाऱ्या किंवा मधुमेह असलेल्या बाईत तो भाग दगावण्याचा धोका वाढतो, आणि हे करणारा सर्जन सगळीकडे मिळत नाही.

आता या हिशेबाचे दुसरे टोक. चेर्नींचा गायिकेवरचा वृत्तांत छापला गेला त्याच १८९५ सालच्या नोव्हेंबरात वुर्त्सबुर्गमध्ये रॉन्टगेन यांना क्ष-किरण सापडले. तीन वर्षांनी क्यूरी दांपत्याला रेडियम सापडले. सुरीने कॅन्सर काढण्यात आयुष्य घातलेल्या चेर्नींना एक गोष्ट दिसत होती: गाठ काढली तरी ती परतते. साठी ओलांडल्यावर त्यांनी प्राध्यापकपद सोडले आणि सप्टेंबर १९०६ मध्ये हायडेलबर्गला कॅन्सरच्या प्रायोगिक संशोधनाची संस्था उघडली. त्यासाठी देणग्या जमवल्या, स्वतःचा पैसाही घातला. एकीकडे प्रयोगशाळा आणि तिला जोडूनच रुग्णांचे घर, ही रचना त्या काळी नवी होती. ज्यांना इतर रुग्णालये परत पाठवत, असे रुग्ण तिथे येत. त्यांच्यावर क्ष-किरण आणि रेडियम वापरून चेर्नी उपचार करत.

स्तन घडवणे आणि किरणांनी कॅन्सर जाळणे, ही दोन्ही कामे आता एकाच बाईच्या शरीरात एकत्र येतात. रेडिएशन घेतलेल्या छातीत इम्प्लांटभोवतीचे आवरण आवळण्याचा धोका बराच वाढतो, जखम उशिरा भरते. स्वतःच्या मांसाचा स्तन किरणांनी थोडा आकसतो, पण तुलनेने तग धरतो. म्हणून रेडिएशन लागणार का, हे कळल्याशिवाय पक्क्या इम्प्लांटची घाई अनेक सर्जन करत नाहीत. शिशाचे पडदे, अंतर, मोजलेली मात्रा, हे सगळे नंतरच्या काळातले. चेर्नींच्या काळात डॉक्टर रेडियम उघड्या हातांनी हाताळत. वर्षानुवर्षे हे काम करून चेर्नींना रक्ताचा कॅन्सर झाला. त्याचे कारण ते किरणच मानले जातात. ३ ऑक्टोबर १९१६ रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी, ते हायडेलबर्गमध्येच वारले. त्यांची संस्था तेव्हा दहा वर्षांची होती, आणि तिच्यात रेडियमचे उपचार चालू होते.