वारणाकाठच्या बोलीला पुस्तकात मान मिळवून देणारे अण्णा भाऊ

अण्णा भाऊ साठे यांची जयंती १ ऑगस्टला गावोगाव होते. फोटोला हार, मिरवणूक, भाषणं, सगळं यथासांग पार पडतं. पण या माणसानं तुमच्या-आमच्या बोलीसाठी, रानात नि पारावर चालणाऱ्या बोलण्यासाठी, केवढं काम करून ठेवलंय त्याची चर्चा फारशी होत नाही. ती व्हावी म्हणून हा लेख.

बोलण्यावरून माणसाची पायरी ठरवायची, हा आपल्या समाजाचा जुना शिरस्ता. 'न्हाई', 'व्हतं', 'लई' म्हणणारा गडी अडाणी आणि 'नाही', 'होतं', 'खूप' म्हणणारा शहाणा. पीक हातचं गेलेला शेतकरी कचेरीत उभा राहतो तेव्हा नुकसान त्याचं झालेलं असतं, पण शब्द चुकेल या भीतीनं तो गप्प बसतो. मग त्याच्या वतीनं दुसराच कुणीतरी बोलतो. भाषेचा आणि माणसाच्या हक्काचा संबंध असा अगदी बांधाला बांध लागून आहे.

दीड दिवसाची शाळा

अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवा तालुक्यातल्या वाटेगावी झाला. मूळ नाव तुकाराम, वडील भाऊराव, आई वालूबाई. वाटेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. म्हणजे हा माणूस सातारचाही आणि सांगलीचाही.

घर मांग समाजातलं. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. त्यानं काही जातींवर जन्मतःच चोरीचा शिक्का मारला आणि त्यांच्यामागं पोलिसांच्या हजेरीचा जाच लावला. हजेरीचं हे दुःख पुढं अण्णा भाऊंच्या लिखाणात वारंवार आलं. देशभरातून हा कायदा हटायला १९५२ साल उजाडलं.

शाळेत ते जेमतेम एक-दोन दिवस गेले. १९३० नंतर लवकरच या कुटुंबानं पोटासाठी पायी मुंबई गाठली. तिथं त्यांनी कोळसा वेचला, ओझी वाहिली, गिरणीत काम केलं. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाच्या जाहिराती वाचत त्यांचं अक्षरज्ञान पक्कं झालं. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कामगार चळवळीची ओळख झाली. मध्ये गावी परत आल्यावर ते नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशात रमले. ढोलकीवर लोक कसे डोलतात आणि कुठल्या शब्दाला टाळी पडते, हे शिक्षण त्यांना फडातच मिळालं.

तमाशाचं लोकनाट्य झालं

१९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. त्याआधी त्यांचा स्टालिनग्राडचा पोवाडा गाजला होता. रशियातली लढाई इथल्या गिरणी कामगाराला त्याच्याच चालीत, त्याच्याच शब्दांत कळली. तमाशाच्या गणात देवाऐवजी मायभूमीला वंदन आलं. वगात सावकार, जमीनदार, दलाल आणि त्यांच्याशी झगडणारा साधा माणूस आला. तमाशाला लोकनाट्य हे नाव रूढ करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. सरकारनं कलापथकावर बंदी घातली, तरी गाणी लोकांच्या तोंडी राहिली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांची 'माझी मैना' ही छक्कड घराघरात पोचली. मोठमोठ्या व्याख्यानांना जे जमलं नसतं ते एका छक्कडीनं केलं.

गड्याच्या तोंडी गड्याचीच भाषा

खेड्यातली बोली मराठी पुस्तकांत पूर्वी येत नव्हती असं नाही. पण बऱ्याचदा ती हसू आणण्यापुरती, नाहीतर नोकरमाणसाच्या तोंडी दोन वाक्यांपुरती. अण्णा भाऊंनी तीच बोली नायकाच्या तोंडी दिली. 'फकिरा' ही कादंबरी १९५९ साली आली. दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा फकिरा तिचा नायक. निवेदन पुस्तकी मराठीच्या जवळचं, पण माणसं बोलतात ती वारणेच्या खोऱ्यातली बोली. तिथं ती बोली कुणाला हसवत नाही. ती सरकारला जाब विचारते, आईचं काळीज सांगते, मरणाला सामोरी जाते. वाचणाऱ्याला कळून चुकतं की मोठा विचार करायला मोठ्या घरची भाषा लागतेच असं नाही.

ही कादंबरी त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. प्रस्तावना लिहिली वि. स. खांडेकरांनी, जे स्वतः सांगलीत जन्मले होते. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच साली अण्णा भाऊ रशियाला जाऊन आले आणि त्या प्रवासावरही त्यांनी पुस्तक लिहिलं. त्याआधी १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांनी केलं होतं. जग राबणाऱ्यांच्या जिवावर उभं आहे, हा विचार त्यांनी तिथं ठामपणे मांडला.

तीसहून अधिक कादंबऱ्या, कथा, वग, पोवाडे असा त्यांचा पसारा. काही कथांवर चित्रपट निघाले. पुस्तकं इतर भाषांत गेली. पण हाती पैसा राहिला नाही. घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत त्यांनी बरीच वर्षं काढली. १८ जुलै १९६९ रोजी ते गेले, तेव्हा वयाची ४९ वर्षंही पुरी झाली नव्हती. बोलीला मान मिळाला, बोलणाऱ्याच्या पदरी मात्र उपेक्षाच आली.

आपण काय करायचं?

आम्हा शेतीखात्याच्या माणसांना बोलीची किंमत रोज कळते. जमिनीत ओल आहे, पण पाय चिकटत नाही, कुळव चालतो, बी उगवतं, या सगळ्याला आपला शेतकरी एकच शब्द वापरतो: वाफसा. शेतीच्या पुस्तकांनाही तो तसाच घ्यावा लागला. मोटेबरोबर नाडा, सोंदूर हे शब्द निघाले. ट्रॅक्टर आल्यावर इर्जिक मागं पडली आणि सगळ्यांनी मिळून एकाचं रान नांगरायची ती रीत सांगणारा शब्दही विरत चाललाय.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंदाचीच गोष्ट आहे. पण मराठी म्हणजे नुसती जुनी पोथी नव्हे, वाटेगावच्या म्हातारीचं बोलणंही मराठीच आहे. पोरांना प्रमाण मराठी जरूर यावी, ती नोकरीला आणि परीक्षेला लागते. मात्र त्यासाठी घरच्या बोलीची लाज वाटायला लावू नका. येत्या जयंतीला गावच्या वाचनालयात 'फकिरा'चं एखादं प्रकरण मोठ्यानं वाचा. घरातल्या जाणत्यांकडून पेरणी-मळणीचे शब्द पोरांना वहीत उतरवून घ्यायला सांगा. आणि कचेरीत गेलात तर आपल्याच बोलीत, पण ताठ मानेनं बोला.