ब्रेख्तची मोटार, ब्रेख्तचा रेडिओ

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला, की आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या रस्त्यांवर एक मुकी भाषा बोलली जाते. समोरून येणारा ट्रकवाला दिव्यांची दोनदा उघडझाप करतो. त्याचा अर्थ, पुढं उसाची ट्रॉली उभी आहे, मागं दिवा नाही, जपून जा. ही भाषा कुणी शिकवत नाही, पण ढोकीपासून उमरग्यापर्यंत सगळ्या ड्रायव्हरांना ती येते. तिची अडचण एवढीच, की समोर येईल त्यालाच ती कळते. जो अजून दहा किलोमीटर मागं आहे, त्याच्यापर्यंत ती पोचत नाही.

मी बँकेत होतो तेव्हाची गोष्ट. जानेवारीतल्या एका रात्री आमच्या शाखेतला शिपाई मोटारसायकलवरून गावी निघाला आणि पंक्चर होऊन रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. जागेवरच गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथं गेलो. जवळच्या हॉटेलात कळलं, की ट्रॉली संध्याकाळपासून तशीच उभी होती. एस.टी.च्या ड्रायव्हरनं ती पाहिली होती, दुधाच्या टेम्पोवाल्यानं पाहिली होती, जीपवाल्यांनी तर चहा पिता पिता तिच्या मालकाला शिव्याही घातल्या होत्या. हॉटेलातल्या फळीवर रेडिओ चालू होता. त्यावर बाजारभाव झाले, गाणी झाली, बातम्या झाल्या. शंभर माणसांना ठाऊक असलेली एक गोष्ट तेवढी त्यावर आली नाही. ती यायला वाटच नव्हती.

त्या वर्षांत ट्रॅक्टर-ट्रॉलीची कितीतरी कर्जं माझ्या सहीनं मंजूर झाली होती. सात-बारा पाहिला, जामीनदार पाहिले, नजरगहाणाचे कागद केले, विमा उतरवला. ट्रॉलीला मागचा दिवा आहे का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. हे आज लिहितानाही मला सोपं जात नाही.

पुढं काही वर्षांनी बेर्टोल्ट ब्रेख्तचं रेडिओविषयीचं लेखन वाचताना मला फळीवरचा तो रेडिओ आठवला. मराठी रसिकांना ब्रेख्त परका नाही. चिं. त्र्यं. खानोलकरांचं ‘अजब न्याय वर्तुळाचा’ आणि पु. ल. देशपांड्यांचा ‘तीन पैशाचा तमाशा’ ही त्याचीच मराठी रूपं. पण नाटककार ब्रेख्त मोटारीचा नादी होता, आणि रेडिओ ऐकणाऱ्याला बोलता आलं पाहिजे हा आग्रह त्यानं नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी धरला होता, हे आपल्याकडं फारसं सांगितलं गेलेलं नाही.

ब्रेख्तचा जन्म १० फेब्रुवारी १८९८ चा, दक्षिण जर्मनीतल्या औग्सबुर्गचा. वडील कागद कारखान्यात नोकरीला लागले आणि व्यवस्थापक होऊन निवृत्त झाले. मुलानं म्युनिकमध्ये वैद्यकीला नाव घातलं, पहिल्या महायुद्धाच्या शेवटी लष्करी इस्पितळात काही महिने काम केलं आणि मग वैद्यकी सोडून नाटक धरलं. १९२४ मध्ये तो बर्लिनला आला. त्याच्या आदल्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथं नभोवाणी सुरू झाली होती. लोक कानाला यंत्र लावून संगीत ऐकत होते, व्याख्यानं ऐकत होते आणि या चमत्कारावर खूश होते. ब्रेख्त मात्र खूश नव्हता. १९२७ मध्ये बर्लिन केंद्रावरून त्याचं नाटक सादर झालं. त्याच सुमारास त्यानं केंद्राच्या प्रमुखांना सुचवलं, की स्टुडिओत बसून कार्यक्रम शिजवण्यापेक्षा मायक्रोफोन घेऊन संसदेत जा, मोठ्या खटल्यांच्या वेळी न्यायालयात जा, जे खरोखर घडतंय ते लोकांना ऐकू द्या.

याच काळात त्यानं मोटार मिळवली, तीही कवितेच्या मोबदल्यात. श्टायर या ऑस्ट्रियन कंपनीच्या गाडीवर त्यानं जाहिरातीची कविता लिहिली आणि कंपनीनं त्याला गाडी दिली. १९२९ मध्ये फुल्डाजवळ समोरून चुकीच्या बाजूनं आलेली गाडी चुकवताना त्यानं आपली मोटार झाडावर घातली. गुडघ्याच्या वाटीला मार बसला, जीव वाचला. पुढं एका सचित्र मासिकानं त्या अपघाताची छायाचित्रांसह उजळणी छापली, काय घडलं आणि चालकानं काय केलं हे पायरीपायरीनं दाखवणारी. कंपनीला जाहिरात झाली, ब्रेख्तला नवी गाडी मिळाली. यात त्याचा धूर्तपणा आहेच. पण एका ड्रायव्हरचा अनुभव दुसऱ्याच्या उपयोगी पडू शकतो, हेही त्या उजळणीत आहे.

त्याच वर्षी जुलैमध्ये बाडेन-बाडेनच्या संगीत महोत्सवात त्याचा एक रेडिओ-प्रयोग झाला. विषय होता चार्ल्स लिंडबर्गचं १९२७ मधलं न्यूयॉर्क ते पॅरिस उड्डाण. साडेतेहतीस तासांच्या त्या एकट्याच्या प्रवासात लिंडबर्गजवळ रेडिओ नव्हता. संगीत कुर्ट वाइल आणि पाउल हिंडेमिट यांचं. ब्रेख्तनं रंगमंचाचे दोन भाग केले. एका बाजूला रेडिओ, म्हणजे वाद्यवृंद आणि गायक. दुसऱ्या बाजूला एकटा श्रोता. धुकं, हिमवादळ, झोप, शहरांचा कोलाहल हे सगळं रेडिओ पुरवणार आणि वैमानिकाचे शब्द घरात किंवा शाळेत बसलेल्या श्रोत्यानं स्वतः म्हणायचे. श्रोता गप्प राहिला, तर विमान उडणारच नाही, अशी ती रचना होती. पुढं लिंडबर्गचा नाझींकडचा कल उघड झाल्यावर ब्रेख्तनं त्याचं नाव संहितेतून काढून टाकलं.

१९३२ मध्ये त्यानं हा विचार लेखात मांडला. रेडिओ फक्त वाटप करतो, देवाणघेवाण करत नाही, हे त्याचं मुख्य दुखणं. ज्या यंत्राला पाठवता येतं त्याला घेताही आलं पाहिजे, श्रोत्याला एकटं न पाडता दुसऱ्या श्रोत्यांशी जोडता आलं पाहिजे, राज्यकर्त्यांनी लोकांना उत्तरं दिली पाहिजेत, असा त्याचा आग्रह होता. चालू व्यवस्थेत हे होणार नाही, हेही त्यानं सांगून टाकलं होतं.

पुढच्याच वर्षी ते खरं ठरलं. ३० जानेवारी १९३३ ला हिटलर सत्तेवर आला. २७ फेब्रुवारीच्या रात्री संसदेला आग लागली आणि दुसऱ्या दिवशी ब्रेख्तनं देश सोडला. त्याच ऑगस्टमध्ये नाझी सरकारनं ७६ मार्कांचा स्वस्त लोक-रेडिओ बाजारात आणला. घराघरांत एकच आवाज पोचला आणि त्याला उलट उत्तर देण्याची सोय कुणालाच नव्हती. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच परदेशी केंद्र ऐकणं हाही गुन्हा ठरला.

ब्रेख्त डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड असा हलत राहिला. बरोबर बायको, नटी हेलेन वायगेल, दोन मुलं आणि एक छोटा रेडिओ. शत्रूची भाषणं आणि विजयाच्या बातम्या त्याच यंत्रातून येत, तरी ते बंद पडू नये असं त्याला वाटे. त्या रेडिओवर त्यानं एक लहानशी कविताही लिहिली. बोलणाऱ्याशी बोलायला बंदी असलेला तो श्रोता होता. १९४१ मध्ये मॉस्को, व्लादिवोस्तोक असा वळसा घालून तो कॅलिफोर्नियाला पोचला. वाटेत मॉस्कोत त्याची सहकारी मार्गारेटे श्टेफिन क्षयानं गेली. १९४७ च्या ३० ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये संसदीय समितीनं त्याची कम्युनिस्ट म्हणून उलटतपासणी केली, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं अमेरिका सोडली.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. श्रोत्याला आवाज मागणारा हा माणूस स्वतःभोवतीच्या माणसांना नेहमीच न्याय देत नव्हता. ‘तीन पैशाचा तमाशा’च्या मूळ नाटकासाठी इंग्रजीवरून अनुवाद केला एलिझाबेथ हाउप्टमान या बाईंनी, नाव गाजलं ब्रेख्तचं. बँकेत काय किंवा नाटकात काय, खालच्या टेबलावरचं काम वरच्या सहीनं ओळखलं जातं.

शेवटी तो पूर्व बर्लिनला स्थायिक झाला. १९४९ मध्ये बर्लिनर आन्साम्बल ही नाट्यसंस्था उभी राहिली. पण १७ जून १९५३ ला तिथले कामगार रस्त्यावर आले आणि रणगाडे निघाले. त्या दिवशी ब्रेख्तनं पंतप्रधान ग्रोटेव्होल यांना पत्र लिहून ते रेडिओवरून लोकांशी कधी बोलणार हे विचारलं, आपले कलावंतही देऊ केले. पक्षप्रमुख उल्ब्रिख्त यांना लिहिलेल्या पत्रात जनतेशी मोठी चर्चा होईल अशी अपेक्षा त्यानं मांडली आणि शेवटी पक्षाशी निष्ठा व्यक्त केली. वर्तमानपत्रानं चर्चेचा भाग गाळला आणि निष्ठेचं वाक्य तेवढं छापलं. १४ ऑगस्ट १९५६ ला, अठ्ठावन्नाव्या वर्षी, तो हृदयविकारानं गेला.

त्याच वर्षी, फेब्रुवारी ते एप्रिल, महाराष्ट्रात एक प्रयोग झाला होता. त्याचा ब्रेख्तशी थेट संबंध नाही, पण तो त्याला आवडला असता. आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळं बसवली. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम लागे, मंडळी तो एकत्र ऐकत, वाद घालत, प्रश्न लिहून पाठवत आणि त्यांतल्या प्रश्नांना पुढच्या कार्यक्रमांत उत्तरं मिळत. त्याची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पाउल नॉयराथ यांनी केली. हे गृहस्थ व्हिएन्नाचे, हिटलरच्या दाखाउ आणि बुखेनवाल्ड छळछावण्यांतून सुटून अमेरिकेला गेलेले. उस्मानाबाद जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, त्यामुळं ती मंडळं आमच्याकडं नव्हती.

आमच्याकडं बोलता-ऐकता रेडिओ आला तो दुःखाच्या वेळी. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर हौशी रेडिओचालक आपली यंत्रं घेऊन भूकंपग्रस्त भागात आले आणि त्यांनी निरोप पोचवले.

आता ड्रायव्हरांचं पाहू. पश्चिम जर्मनीत १९७४ पासून वाहतुकीच्या सूचनांसाठी खास सोय असलेले मोटार-रेडिओ आले. पुढं मोबाइल आल्यावर रस्त्यावरचे ड्रायव्हरच केंद्राला कोंडीच्या खबरा देऊ लागले. आपल्याकडं २००६ पासून स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ काढता येतो. आमच्या उमरग्यावरून जाणाऱ्या पुणे-हैदराबाद महामार्गावरच पुढं जहिराबाद लागतं. त्याच्याजवळ माचनूर गावी २००८ पासून दलित महिलांनी ‘संघम रेडिओ’ चालवून दाखवला आहे.

आज नकाशे मोबाइलवर आहेत, व्हॉट्सअ‍ॅपचे गट आहेत, मग रेडिओ कशाला, असं विचारलं जाईल. नकाशा कोंडी दाखवतो. मोकळ्या रस्त्यावर अंधारात उभी असलेली ट्रॉली त्याला दिसेलच असं नाही. गटावरचा निरोप वाचायला नजर रस्त्यावरून काढावी लागते. गाडी चालवणाऱ्याचा मोकळा असतो तो कान.

म्हणून माझ्या मनात एक साधी रचना आहे. येरमाळा, तुळजापूर, नळदुर्ग अशा ठिकाणी छोटी केंद्रं. सामुदायिक केंद्राचा पल्ला दहा-पंधरा किलोमीटरच असतो, म्हणून ती साखळीनं जोडलेली. खबर द्यायची ती क्लीनरनं, किंवा गाडी बाजूला थांबवून ड्रायव्हरनं. टेबलावर बसलेली मुलगी तीनच गोष्टी विचारील : कुठं, कोणत्या बाजूला, कधीपासून. दुसऱ्या ड्रायव्हरनं दुजोरा दिला, की वेळ सांगून खबर जाईल, आणि रस्ता मोकळा झाल्याचं कुणी कळवीपर्यंत ती पुन्हा पुन्हा सांगितली जाईल. खोटी खबर देणाऱ्याचा फोन काही दिवस घ्यायचा नाही. अश्विनी पौर्णिमेला सोलापूरहून पायी येणारी गर्दी, घाटातलं बंद पडलेलं वाहन, सगळं त्यात येईल. आणि आठवड्यातून एकदा ट्रॉलीमालक, एस.टी.चे ड्रायव्हर, कारखान्याचे शेतकी अधिकारी आणि पोलीस यांना एकत्र बसवायचं. दिवा का नाही, हे ड्रायव्हरनं विचारायचं आणि संबंधितांनी त्याच रेडिओवर उत्तर द्यायचं. तिथं कर्ज देणाऱ्या बँकेचाही माणूस असावा.

यातलं कठीण काम यंत्राचं नाही. ट्रकच्या क्लीनरचा शब्द महत्त्वाचा मानून कुणीतरी रात्री दोन वाजता तो लिहून घेतला पाहिजे, ते कठीण आहे. ब्रेख्त स्वतः ते घडवू शकला नाही. प्रश्न मात्र त्यानं नेमका विचारून ठेवला आहे.

यंदाच्या हंगामातही मी रात्री त्या रस्त्यानं जाईन. समोरचा ट्रकवाला दिव्यांची उघडझाप करील. मी वेग कमी करीन आणि मागच्या गाडीसाठी माझा इंडिकेटर लावीन. त्याच्याही मागं, मला न दिसणारा, कुणीतरी मोटारसायकलवर घरी चाललेला असेल.