बूट फाटले, पाय रक्ताळले, तरी ती ८०० मैल चालली! जेन मॅनिंग जेम्सची गोष्ट

अमेरिकेतल्या युटा राज्यात २४ जुलैला सुट्टी असते. १८४७ साली याच दिवशी मॉर्मन पंथाचे नेते ब्रिगहॅम यंग सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले. छळाला कंटाळून हजारो मॉर्मन लोक तिकडे गेले. आजही घरात अडचण आली की या पंथातले लोक त्या पूर्वजांची आठवण काढून धीर धरतात. त्या पूर्वजांपैकीच एक म्हणजे जेन मॅनिंग जेम्स.

जेनचा जन्म कनेक्टिकट राज्यातल्या एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. कुटुंब गुलामीत नव्हतं, पण गरिबी होती. लहानपणीच ती एका गोऱ्या कुटुंबाकडे घरकामाला लागली. तरुणपणी तिने मॉर्मन पंथ स्वीकारला.

तेव्हा पंथाचं केंद्र होतं इलिनॉयमधलं नावू शहर. १८४३ मध्ये जेन घरच्यांसोबत तिकडे निघाली. वाटेत बफेलोला त्यांना बोटीवर घेतलं नाही. मग काय, उरलेले सुमारे ८०० मैल सगळे पायी चालले. बूट फाटले, पायांतून रक्त आलं. नावूत पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी जेनला आपल्या घरी आसरा आणि काम दिलं.

पण १८४४ मध्ये जमावाने स्मिथ यांची हत्या केली आणि पुढे मॉर्मन लोकांना नावू सोडावं लागलं. नवरा आयझॅक आणि मुलांसह जेन सप्टेंबर १८४७ मध्ये सॉल्ट लेकला पोहोचली.

तिथेही अन्नाची टंचाई होतीच. एप्रिल १८४९ मध्ये शेजारीण एलिझा लायमनचा नवरा धर्मकार्यासाठी कॅलिफोर्नियाला गेला होता आणि तिच्या घरात पीठ नव्हतं. जेनने तिला दोन पौंड, म्हणजे किलोभरापेक्षा थोडं कमी पीठ दिलं. जेनकडे जेवढं होतं, त्याच्या जवळपास अर्धं! ही नोंद खुद्द एलिझाच्या डायरीत आहे.

मात्र पीठ वाटून खाणाऱ्या या बाईला मंदिराचं दार बंदच राहिलं. कृष्णवर्णीयांना तिथले महत्त्वाचे विधी करता येत नव्हते. जेनने वर्षानुवर्षं पंथाच्या प्रमुखांकडे अर्ज केले. १८९४ मध्ये एक विधी झाला, पण त्यात तिला जोसेफ स्मिथ यांची कायमची सेविका ठरवलं गेलं. तेव्हाही तिला आत जाता आलं नाही, तिच्या जागी दुसरी बाई उभी राहिली.

तोवर तिची बहुतेक मुलं तिच्या डोळ्यांदेखत गेली होती. तरी तिने ना श्रद्धा सोडली, ना मागणी. १६ एप्रिल १९०८ रोजी तिचं निधन झालं.

पंथाने ही बंदी उठवली १९७८ मध्ये. पुढच्याच वर्षी जेनच्या नावाने ते विधी पार पडले. तोवर तिला जाऊन ७१ वर्षं झाली होती.

म्हणूनच जेनची गोष्ट फक्त ८०० मैलांची नाही. ज्यांच्यासाठी ती एवढं चालली, त्यांच्याच दारात तिला सगळ्यात जास्त वाट पाहावी लागली.